एक तासाची चूक

किर्केच्या चिंचोळ्या धुनीत पाणी
दिवसातून चारदा थबकतं.
तेवढ्यात बोट काढायची.
आधी गेलात तर ओढ, उशिरा गेलात तर उलटी ओढ,
आणि दोन्ही अंगांना खडक.

एप्रिल सरला तशी एलिएसरची बोट
रोज तासभर आधी पोचू लागली.
इंजिन चालू, डिझेल जळतंय,
पिंपात खेकडे एकमेकांवर चढतायत,
आणि माझा भाऊ फोनला शिव्या देतोय:
"फुकटचं वेळापत्रक तुझं, इस्मेनिया,
फुकट म्हणून काय वाटेल ते सांगणार?"
त्याच्या फोनात ते मीच घातलं होतं.

दिवसा मी खेकड्यांच्या कारखान्यात बिलं लिहिते.
प्रत्येक बिलाखाली छापलेलं असतं,
चूकभूल द्यावी घ्यावी.
द्यायला कुणी येत नाही. घ्यायला तर मुळीच नाही.
त्या रात्री वारा पत्रा उचकटत होता
आणि मी प्रोग्रामचा कोड उघडला.
म्हणजे, तो उघडाच होता.
इतकी वर्षं दार लोटून बघितलं नव्हतं, एवढंच.

ओळ दोनशे सतरा.
हिवाळा आला की चिलीची घड्याळं तासभर मागे.
बरोबर आहे, सांतियागोत.
आम्ही दक्षिण टोकाचे लोक
घड्याळाला हात लावत नाही आता,
सरकारनंच तसं ठरवलंय.
हे त्या ओळीला कुणी कळवलंच नव्हतं.

ओळ कुणाची हे विचारायची एक आज्ञा असते,
तिचं नावच ब्लेम.
दोष कुणाचा, विचारलं मी,
आणि दात ओठ आवळून बसले.
आउने केम्पाइनेन, ओउलू.
मे महिना, बारा वर्षांपूर्वीचा.
शेजारी फिनिशमध्ये एक टीप,
शब्दकोश लावून लावून वाचली:
दक्षिण टोकाची खात्री नाही. उन्हाळ्यात पुन्हा बघायचं.

तीन ओळी लिहिल्या. पाठवताना हात असा कापला
जसा नोकरीच्या अर्जालाही कापला नव्हता.
एकोणीस दिवस काही नाही.
मग टाउनो नावाच्या माणसाचं उत्तर:
चाचणी कुठे आहे?
आणि तिसऱ्या ओळीनंतर एक जागा जास्त सुटलीय.

एवढा राग आला.
मग ती जास्तीची जागा खोडली.
एलिएसरला म्हटलं, पाणी थबकलं की वेळ लिहून ठेव,
कशाला ते विचारू नकोस.
त्यानं विचारलं नाही. लिहिलं,
ओल्या पेन्सिलीनं, सिगारेटच्या पाकिटांवर,
दोन पाकिटं समुद्रात गेली,
एकावर वेळेऐवजी नुसतंच "थंडी".
उरलेल्या एकतीस वेळा मी चाचणीत घातल्या.
एकतीसही हिरव्या झाल्या.

टाउनोनं लिहिलं: घेतली.
खाली, बऱ्याच वेळानं, आणखी थोडं:
ती ओळ माझ्या बहिणीची.
त्या वर्षीचा उन्हाळा तिला मिळाला नाही.
असती तर एका स्वल्पविरामावरून
आठवडाभर भांडली असती तुझ्याशी.
तिची टीप तेवढी काढू नकोस.

मी हिशेब केला, सवयच आहे ती.
तिनं लिहिली तेव्हा ओळ बरोबर होती.
घड्याळं नंतर बदलली.
आणि तिकडचा उन्हाळा म्हणजे इकडचा हिवाळा,
म्हणजे बघायचं होतं ते नेमकं हेच,
नेमक्या याच दिवसांत.

तिच्या टिपेखाली माझी एक घातली, स्पॅनिशमध्ये:
बघितलं. जुलैत.
इथे धक्क्यावर बर्फ आहे.

परवा एलिएसर किर्केतून वेळेवर आला.
बटाटे सोलता सोलता म्हणाला,
पाणी जरा शहाणं झालंय हल्ली.
मी म्हटलं, हो ना.
मीठ दे इकडे.